ट्रंकेतल्या चौदा कॅसेटी

फौजी माणसाच्या घरात कपाटापेक्षा ट्रंकेला मान अधिक. काळ्या रंगाची, वर पांढऱ्या अक्षरांत नाव, हुद्दा आणि युनिट रंगवलेली ही लोखंडी पेटी दर दोन-तीन वर्षांनी ट्रकमध्ये नाहीतर रेल्वेच्या डब्यात चढते आणि नव्या गावच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली जाऊन बसते. काही ट्रंका प्रत्येक बदलीला उघडतात. काहींवर मात्र चादर घालून फुलदाणी ठेवली जाते आणि आत काय आहे हे घरातले हळूहळू विसरतात.

चंडीमंदिरच्या एका मराठी घरात अशीच एक ट्रंक होती. चंडीगडहून काल्का-शिमल्याकडे निघाले आणि पंचकुला मागे टाकले, की शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी ही छावणी लागते. ज्या चंडीदेवीच्या मंदिरावरून चंडीगड शहराला नाव मिळाले, तिचेच नाव या छावणीलाही आहे. १९८५ मध्ये लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय शिमल्याहून इथे आले. साताऱ्याकडचे हे कर्नलसाहेब आपल्या नोकरीत इथे दोनदा आले. पहिल्यांदा मेजर असताना आणि दुसऱ्यांदा अगदी शेवटच्या बदलीवर. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ते निवृत्त व्हायचे होते. छावणीतल्या मराठी बायका त्यांच्या पत्नीला गमतीने कर्नलीणबाई म्हणत.

त्या वर्षी जुलैत त्या भागात पावसाने कहर केला. घग्गर नदी दुथडी भरून वाहू लागली, रस्ते बंद झाले. आठवडाभराने ऊन पडले तेव्हा कर्नलीणबाईंनी सगळ्या ट्रंका व्हरांड्यात काढून उघडल्या. एका ट्रंकेत जुन्या शाली, मुलीची बाळंतविडी, लग्नातला शालू आणि त्याखाली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चौदा छोट्या कॅसेटी निघाल्या. काहींवर नाव होते, काहींवर नुसतीच तारीख. एकीवर निळ्या शाईने लिहिले होते: ‘बारसे, मार्च २००२’.

कर्नलसाहेब संध्याकाळी आले आणि कॅसेट हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, “यात आईचा आवाज असेल.”

त्यांच्या आई २००९ मध्ये गेल्या. फोटो भरपूर होते. साताऱ्याच्या घरात भिंतीवर एक मोठा, हार घातलेला, आणि अल्बममध्ये कितीतरी. पण आवाज कुठेच नव्हता. आज ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असतो आणि नातवंडाची प्रत्येक शिंक साठवली जाते, म्हणून हे नवल वाटते. पण २००९ पूर्वी गेलेल्या लाखो आयाबायांचे असेच आहे. त्यांचे चेहरे उरले, बोलणे गेले.

लग्नाच्या व्हिडिओतही ते सापडत नाही. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले, मागोमाग व्हीसीआर आला आणि थोड्याच वर्षांत मांडवात व्हिडिओवाला ही भटजीइतकीच आवश्यक व्यक्ती झाली. पण या मंडळींनी एक गोष्ट मनापासून केली. लग्नाच्या मूळ आवाजावर त्यांनी सिनेमाची गाणी चढवली. नवरीची आई काहीतरी बोलते आहे, डोळे पुसते आहे आणि पाठीमागे मात्र सनई नाहीतर एखादे गाजलेले युगुलगीत. कर्नलीणबाईंच्या भावाच्या लग्नाची कॅसेट एका गावी स्टुडिओत सीडी करायला दिली होती. दोन तासांची चाळीस मिनिटे होऊन परत आली. त्यात गुलाबाच्या पाकळ्या उडत होत्या, हृदयाच्या आकारात नवरा-नवरी दिसत होती आणि वडिलांचे भाषण कापलेले होते. मूळ कॅसेट मागितली तर ती सापडली नाही. तेव्हापासून कॅसेट कोणाच्या हाती द्यायची नाही, असे या घराने ठरवले होते.

म्हणजे हे काम घरीच करायचे होते. अडचण अशी की ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले, तो केव्हाच निकामी झाला होता. १९९८ च्या डिसेंबरात कर्नलसाहेबांचा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने भावासाठी सोनीचा हाय-एट हँडीकॅम आणला होता. त्या काळी छावणीत तो कौतुकाचा विषय होता. हाय-एटची फीत आठ मिलिमीटर रुंद, कॅसेट तळहातावर मावणारी. व्हीएचएसच्या विटेएवढ्या कॅसेटपुढे ती खेळण्यासारखी वाटे. पण तो कॅमेरा घरच्या टीव्हीला जोडला की चित्राचे रंग उडत, सगळे काळे-पांढरे दिसे. टीव्ही जुना आहे अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. या समजुतीमागचे खरे कारण बऱ्याच वर्षांनी कळायचे होते.

मुलगी पुण्याला इंजिनियरिंगला होती. सुट्टीत आली आणि लॅपटॉप उघडून म्हणाली, “बाबा, कॅसेट यात कुठे घालायची?” प्रश्न थट्टेचा असला तरी खोटा नव्हता. पेन ड्राइव्हवरून फाइल उचलावी तसे कॅसेटवरून काही उचलता येत नाही. कॅसेटमध्ये फाइल नसतेच. तिथे असते प्लॅस्टिकची पातळ फीत आणि तिच्यावर चिकटवलेले चुंबकीय कण. कॅमेऱ्यातले एक छोटे पिंप सेकंदाला पंचवीस-तीस गिरक्या घेते. त्यावर बसवलेली हेडे तिरक्या रेघांनी ही फीत वाचतात, तेव्हा चित्र उमटते. म्हणजे ज्या जातीची कॅसेट, त्या जातीचे चालू यंत्र हवेच, आणि दोन तासांची कॅसेट उतरवायला दोन तासच लागतात. घाई चालत नाही.

यंत्रे तर संपत चालली आहेत. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत ते बनवणे थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरचा जो ठेवा २०२५ पर्यंत उतरवून घेतला जाणार नाही, त्यातला बराचसा कायमचा जाईल. फीत विरून जाते हे एक कारण आहेच, पण ती वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात मिळेनासे होतात, हे त्याहून मोठे.

चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये दोन-तीन दुकाने पालथी घालून झाली. “ठेवून जा, आठ दिवसांनी या,” हे उत्तर ऐकताच कर्नलीणबाई डबा उचलून बाहेर पडत.

उपाय शेजारीच होता. पलीकडच्या घरात सिग्नल कोअरमधले एक सरदारजी अधिकारी राहत. रेडिओपासून रेफ्रिजरेटरपर्यंत सगळे उघडून पाहण्याचा त्यांना छंद. त्यांच्याकडे सोनीचा डिजिटल-एट कॅमेरा होता आणि एक जुना, पांढरा पिवळा पडलेला डेस्कटॉप. डिजिटल-एट हा प्रकार सोनीने १९९९ मध्ये काढला. तो त्याच आठ मिलिमीटरच्या कॅसेटवर डिजिटल चित्रण करतो. त्याची खरी मौज अशी की, त्यातली बरीच मॉडेले जुन्या व्हिडिओ-एट आणि हाय-एट कॅसेटीही वाजवतात आणि वाजवता वाजवता चित्राचे डिजिटल रूपांतर करून तारेतून संगणकाला देतात. सगळी मॉडेले हे करत नाहीत, स्वस्तातल्या काहींनी ही सोय गाळली होती. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे.

ही तार म्हणजे फायरवायर. १९९५ मध्ये तिचे मानक ठरले, सोनी तिला आयलिंक म्हणे. २००० च्या आसपासच्या अनेक कॅमेऱ्यांवर तिच्या शेजारीच यूएसबीचेही भोक असते आणि लोक तिथेच फसतात. त्यातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत यूएसबीतून फक्त फोटो किंवा टपाल तिकिटाएवढे चित्र बाहेर येते. पूर्ण चित्र हवे तर फायरवायरच लागते आणि आजच्या लॅपटॉपला ती जागाच नसते. म्हणून त्या पिवळ्या पडलेल्या डेस्कटॉपला अचानक भाव आला. त्यात फायरवायरचे कार्ड बसवलेले होते.

सरदारजींनी आधी सगळ्या कॅसेटी खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. दोन कॅसेटींच्या काचेआड फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली. ती बुरशी. त्या त्यांनी तिथल्या तिथे वेगळ्या काढल्या. बुरशी लागलेली फीत वाजवली तर तिचे कण हेडांना चिकटतात आणि पुढची चांगली कॅसेटही खराब करतात. उरलेल्या बारांची छोटी सरकपट्टी त्यांनी लाल खूण दिसेल अशी सरकवली, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी वर काही छापले जायला नको. मग एक कॅसेट आत घातली. कॅमेऱ्याने पडद्यावर ‘सी २१’ असा शेरा दाखवला आणि तो चालायला नकार देऊन बसला. आत दमटपणा आहे, असा त्याचा अर्थ. श्रावणातली हवा, दुसरे काय होणार! झाकण उघडे ठेवून तासभर थांबावे लागले. तोवर सरदारजींच्या घरचे पकोडे झाले.

तासाभराने कॅमेरा चालला, पण चित्र फाटल्यासारखे, आडव्या पट्ट्यांनी भरलेले. आवाजाच्या जागी खरखर. दुसरी कॅसेट घातली, तेच. तिसरी, तेच. कर्नलसाहेब काही बोलले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिले. मुलगी हळूच म्हणाली, “गेल्या वाटतं सगळ्या.”

सरदारजी मात्र कॅसेटच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचत होते. तिथे छापले होते ‘पी ६-१२०’. त्यांनी स्वतःची एक कॅसेट काढली. तिच्यावर होते ‘पी ५-९०’. हा सहा आणि पाचाचा फरक म्हणजे दोन जगांतला फरक. भारतात आणि युरोपात टीव्हीची पद्धत पाल, ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेत आणि जपानात एनटीएससी, ५२५ रेघा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. आठ मिलिमीटरच्या कॅसेटींवर पालसाठी पी ५ आणि एनटीएससीसाठी पी ६ असे लिहिण्याची रीत होती. फीत कमी-अधिक वेगाने धावते, म्हणून मिनिटेही वेगळी. कॅसेटी अमेरिकेतल्या, त्या भरणारा कॅमेराही अमेरिकेतला आणि आता वाजवायला आणलेला मात्र भारतातला. टीव्हीवर रंग उडत होते तेही यामुळेच. कॅसेटी शाबूत होत्या. त्यांची भाषा समजणारा कोणी जवळ नव्हता, एवढेच.

त्या रात्रीच न्यू जर्सीला फोन गेला. धाकट्या दिरांनी तिथे एक वापरलेला डिजिटल-एट कॅमेरा शोधला. विकणाऱ्याला त्यांनी आधी स्वतःची जुनी आठ मिलिमीटरची कॅसेट वाजवून दाखवायला लावली आणि मगच पैसे दिले. सप्टेंबरात त्यांची मुलगी दिल्लीला येणार होती, तिच्या बॅगेतून कॅमेरा आला. त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असल्यामुळे तो प्रश्न आला नाही. फक्त चपट्या पिनांसाठी बाजारातून वीस-तीस रुपयांचे जोडभोक आणावे लागले.

यानंतर काम कंटाळवाणे, पण सरळ होते. प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे वर्षानुवर्षे एका जागी बसलेली फीत मोकळी होते. मग वाजवायची आणि संगणकावर छोटासा प्रोग्राम लावून समोर बसायचे. पहिल्या दिवशी वीस मिनिटांतच नोंद आपोआप थांबली. कॅसेटला दोष देऊन झाला, तारेला देऊन झाला. शेवटी मुलीने शोधले की जुन्या डिस्कची रचना फॅट-३२ पद्धतीची आहे आणि तिच्यात एक फाइल चार जीबीहून मोठी होऊच शकत नाही. या प्रकारच्या चित्रणाचा एक तास म्हणजे सुमारे तेरा जीबी, तेव्हा चार जीबी वीस मिनिटांत भरणारच. डिस्क नव्याने एनटीएफएस करून घेतली आणि गाडी रुळावर आली. बारा कॅसेटी, वीस तासांच्या आसपास चित्रण, अडीचशे जीबीहून अधिक माल. एवढ्या मोठ्या फाइली कशाला, बारीक करून ठेवू, असा मोह त्या वेळी होतोच. मोबाइलवर पाठवायला बारीक प्रत खुशाल करावी, पण मूळ फाइल तशीच ठेवावी. एकदा दाबून बारीक केलेल्या चित्रातून गेलेला तपशील परत येत नाही.

ज्यांच्याकडे मिनी डीव्ही कॅसेटी आहेत, त्यांचे काम याहून सोपे. तिथे चित्र मुळातच डिजिटल असते, त्या जातीचा कॅमेरा आणि फायरवायर एवढेच पुरते. व्हीएचएसवाल्यांना चालू व्हीसीआर आणि पिवळी, पांढरी, लाल टोके लावायची छोटी यूएसबी जोडणी लागते. चित्र थोडे कमी दर्जाचे मिळते, पण मिळते.

बारशाची कॅसेट सगळ्यांनी शेवटी ठेवली होती. का, ते कोणी कोणाला विचारले नाही.

२००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले. पश्चिमेची सगळी सरहद्द सैन्याने भरली. मेजरसाहेबही गेले. छावणीत उरल्या बायका आणि मुले. कर्नलीणबाईंना सातवा महिना होता. साताऱ्याहून सासूबाई झेलम एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत एकट्या आल्या, सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा आणि बाळंतविडी. फेब्रुवारीत छावणीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसे झाले. बाप सरहद्दीवर, म्हणून शेजारच्या एका पंजाबी घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात कॅमेरा दिला, त्याने सगळे चित्रित करून ठेवायचे, म्हणजे बाप आल्यावर बघेल.

एप्रिलमध्ये दहा दिवसांची रजा मिळाली, तेव्हा सासूबाई परत गेल्या होत्या. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर त्यांनी बारसे पाहायला घेतले. पाळण्याचा कार्यक्रम झाला, नाव ठेवून झाले आणि बॅटरी संपली. पुढे उरलेले पाहू म्हणता म्हणता रजा संपली. मे महिन्यात कालूचकचा हल्ला झाला आणि सरहद्दीवरचा ताण आणखी वाढला. आईने साताऱ्याहून फोनवर विचारले, “कॅसेट बगितलीस का?” ते म्हणाले, “बघितली.” त्यावर ती काही बोलली नाही. पुन्हा कधी तिने तो विषय काढलाही नाही.

आता २०२३ मध्ये ती कॅसेट सुरू झाली आणि पडद्यावर दिसली फॅन्सी ड्रेस स्पर्धा. तीन-चार वर्षांची मुलगी भाजीवाली झालेली, डोक्यावर टोपली, मागे शाळेचा रंगीत मंडप. २००५ मधली गोष्ट. त्या गावी ही कॅसेट मिळत नसे, म्हणून हाताला लागली ती कॅसेट घालून चित्रण केले होते. बारशाच्या वरच. दहा मिनिटे झाली, वीस झाली, एकेक मूल येऊन कविता म्हणून जात होते. कर्नलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. पाळणा पुसला गेला होता. नाव ठेवण्याचा क्षण पुसला गेला होता. अशा गोष्टी मोठमोठ्यांच्या हातूनही झाल्या आहेत. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या प्रक्षेपणाच्या मूळ फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे नासाने २००९ मध्ये मान्य केले. पण त्या खोलीत तेव्हा हे कोणाला सुचले नाही आणि सुचते तरी त्याचा उपयोग नव्हता.

तेविसाव्या मिनिटाला एक सशाचे सोंग घेतलेला मुलगा अर्ध्या ओळीत तुटला, पडद्यावर थोडी मुंग्यांची रांग पळाली आणि चंडीमंदिरचे जुने क्वार्टर दिसू लागले. कोपऱ्यात तारीख २००२ ची आणि वेळ रात्री दोनची. बाहेर मात्र लख्ख दुपार. कॅमेऱ्याचे घड्याळ पहिल्यापासून न्यू जर्सीचेच होते, साडेदहा तास मागे. ते कधी कोणी बदललेच नव्हते. बायका घुगऱ्या घेऊन बसल्या होत्या. कॅमेरा मध्येच पंख्याकडे जाई, मध्येच कोणाच्या तरी कोपराकडे. मग बायका गेल्या. बाळंतीण आतल्या खोलीत झोपली होती. आणि सासूबाई मांडीवर नात घेऊन भिंतीला टेकून बसल्या, समोरच्या मुलाला हाताने खूण केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघून बोलू लागल्या.

“दादा, मी बोलतीया. ऐकू येतंय न्हवं? हिकडं थंडी लई हाय. तुजी ल्येक झोपलीया. नाक आपल्याकडचं हाय.” मग जरा थांबल्या. “तू फौजेत गेलास, तवा मी आठ दिस बोलले न्हाई तुज्याशी. तुजं वडील असंच बाहीर ऱ्हायलं जलमभर, म्हनून मला राग हुता. ती गोष्ट मनात धरू नगंस. हिकडं आल्यावर बगितलं, तुजी बायकू येकटीनं समदं करती, रडत न्हाई. समद्या बायका तशाच हायती हितं. मी बी तवा असंच केलं असंल, पन मला कुनी सांगितलं न्हाई. तू तिकडं नीट ऱ्हा. हिकडची काळजी करू नगंस.”

कर्नलसाहेबांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. त्यांची नोकरी होती तोवर आईने तीन मुले एकटीने वाढवली. थोरला खडकवासल्याला एनडीएत निघाला, तेव्हा ती खरोखरच आठ दिवस बोलली नव्हती आणि एसटीत बसवायलाही आली नव्हती. पुढे सगळे नीट झाले. ती मुलाच्या कमिशनिंगला आली, हुद्दे वाढले की पेढे वाटले. पण त्या आठ दिवसांबद्दल दोघांपैकी कोणीच कधी काही बोलले नाही. तिने आपल्या बाजूने सांगून टाकले होते आणि फोनवर ‘बघितली’ हे उत्तर ऐकून ते पोचले असे धरून ती निश्चिंत झाली होती.

“आता बंद कर रं पोरा,” असे म्हणून तिने हात हलवला. पोराला पंजाबीखेरीज काही येत नव्हते. तो चित्रण करीतच राहिला. तिने दोनदा सांगून पाहिले, मग हसली आणि त्याला विसरून गेली. पुढची सहा-सात मिनिटे कॅमेरा तिच्या मांडीवर स्थिर आहे. कदाचित त्या मुलाने तो कशावर तरी टेकवून ठेवला असावा. नात चुळबूळ करते, तिचा हात थोपटत राहतो आणि ती अगदी खालच्या आवाजात पाळणा म्हणते. जो बारशाला म्हटला होता आणि नंतर पुसला गेला, तोच. एक कडवे विसरते, पुन्हा मागून सुरू करते.

सरदारजींना मराठी येत नव्हते. पण पाळणा सुरू झाला तसे ते उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभे राहिले. आत कर्नलसाहेबांनी ती सात मिनिटे पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मुलीने त्यांच्याकडे न बघता आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी कामाला शिस्त आली. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती झाल्या. एक डिस्क पुण्याला मुलीकडे, एक साताऱ्याला जाणाऱ्या सामानात आणि एक न्यू जर्सीला दिरांकडे पाठवायची. फाइलींना नावे दिली ती वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग अशी, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. कॅमेऱ्यातल्या वेळेत साडेदहा तास मिळवायचे, हेही एका कागदावर लिहून डब्यात ठेवले. काही चित्रणांत मागे युनिटचे फलक आणि गाड्या आल्या होत्या. ते तुकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, असे कर्नलसाहेबांनी बजावले. छावणीत जागोजागी छायाचित्रणास मनाईच्या पाट्या असतात, त्या उगीच नसतात. सासूबाईंचा तुकडाही ग्रुपवर गेला नाही. तो फक्त दोन्ही भावांकडे आणि साताऱ्याच्या बहिणीकडे गेला. बहिणीने उत्तरादाखल काही लिहिले नाही, फोन केला आणि बराच वेळ विसरलेले कडवे कोणते ते सांगत राहिली.

मूळ कॅसेटी टाकून द्यायच्या का, यावर घरात थोडा वाद झाला. कर्नलीणबाईंनी त्या बिस्किटाच्या डब्यात उभ्या लावल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घातल्या आणि डबा स्वतःच्या हातबॅगेत घेतला. बुरशीच्या दोन कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधल्या. त्यांतल्या एकीवर ‘पिंजोर बाग’ असे लिहिले आहे, दुसरीवर काहीच नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ट्रक भरला गेला. अमेरिकेहून आलेला कॅमेरा मात्र साताऱ्याला गेला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी सरदारजी एक बुटाचे खोके घेऊन आले. त्यांचे मेहुणे कॅनडात असतात, त्यांनी १९९६ मध्ये पाठवलेल्या, बिजींच्या शेवटच्या बैसाखीच्या दोन कॅसेटी त्यात होत्या. दोन्हींवर पी ६ छापलेले. कॅमेरा सध्या त्यांच्याकडेच आहे.